ताटातला ओळंबा

एक्केचाळीस फोटो होते. जॉन्सननं मोजूनच सांगितलं. "हेलनताई, एका फोटोला एक मिनिट धरलं तरी सहापर्यंत उरकंल." जॉन्सन म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीचा सेक्रेटरी. प्रोजेक्टर त्याचा, लॅपटॉप त्याचा आणि घाईसुद्धा त्याचीच. मी मान हलवली. त्या एक्केचाळीस फोटोंत कुठंही वर्षाची एक पोरगी दिसता कामा नये, देवाकडं त्या दिवशी माझं एवढंच मागणं होतं.

ती पोरगी म्हणजे माझी नात, जस्मिन. आणि शिरूरच्या मिशन कंपाउंडातल्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जो माणूस बसला होता तो तिचा आजोबा. आपण आजोबा झालोय हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

नवऱ्याचं नाव मी सरळ घेते, उखाण्याची वाट बघत नाही. बन्यामीन. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. कासुर्डीपासून वरवंडपर्यंत हायवेच्या कडेनं गेलात तर दर दोन मैलांवर त्यांच्या हातची एक भिंत लागेल, आणि ती कुठं ओळंब्यात चुकली असेल तर माझं नाव बदला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. भिंतीलगत सोडायचं, भिंत सरळ उभी आहे का कललीय ते लगेच कळतं. बन्यामीन माणसांनासुद्धा तोच लावतात. एकदा का तुम्ही कललात, की संपलं.

आमची एकुलती एक मुलगी फेथ चार वर्षांपूर्वी नर्स म्हणून माल्टाला गेली. माल्टा म्हणजे समुद्राच्या मधोमध एक बेट, आपल्या शिरूर तालुक्यात चार-पाच वेळा मावेल एवढं. तिथं तिला वरवंडचा सुदर्शन भेटला. निशिगंधाची शेती करणाऱ्या घरातला पोरगा, तिकडं बस चालवतो. त्यांनी लग्न केलं, तेही तिकडंच, कचेरीत सह्या करून, आणि आम्हाला कळवलं व्हिडिओ कॉलवर. बन्यामीन त्या वेळी आमच्या घरावर वरची खोली बांधत होते. फेथच्या लग्नाला पाहुणे येतील, त्यांना राहायला. फोनवर ऐकलं, फोन पालथा ठेवला आणि म्हणाले, "ह्या नावाचं मानूस आता ह्या घरात न्हाई." खोली तशीच राहिली. विटा उघड्या, गिलावा नाही.

तेहतीस वर्षं हा माणूस मला "फेथचे आई" म्हणून हाक मारायचा. फेथच्या जन्मापासून दुसरी हाकच नव्हती. त्या दिवसापासून नाव तोंडात येऊ नये म्हणून नुसतं "अगं". अडीच वर्षं अगं, अगं. मी काय दारावर आलेली भाजीवाली आहे?

या एप्रिलमध्ये मी सांगून टाकलं, मी चालले. माझी पेन्शन, माझं तिकीट, माझे गुडघे. ते म्हणाले, "जा. पन तिकडचं कायबी माझ्या कानावर घालायचं न्हाई." आणि तिकडं पोचले तर फेथनं दारातच बाळ माझ्या हातात दिलं आणि बजावलं, "आई, पप्पांना मी सांगणार. समोर येऊन, डोळ्यांत बघून. तू तोंड उघडलंस तर मी तुला पुन्हा फोन करणार नाही." पोरगी कुणावर गेलीय ते सांगायला नको. बाप असा, लेक तशी, आणि मी मधल्या मधे दोघांची तोंडं सांभाळत बसलेली.

मग हा कार्यक्रम ठरवला कुणी? आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षबाई, सुषमा. रविवारची भक्ती संपल्यावर उभी राहून सगळ्यांसमोर जाहीर करून मोकळी: हेलनताई आपल्याला माल्टाची संस्कृती सांगणार, फोटोंसहित. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तर मागून बन्यामीन म्हणाले, "सांगंल की. तीन महिने ऱ्हाऊन आलीया." मी वळून बघतच राहिले. मग तीन दिवस बसून फोटो निवडले. जस्मिनचे सगळे काढले, पाळण्याचे काढले, दोरीवर लंगोट वाळत होते तो गच्चीचासुद्धा काढला. उरले एक्केचाळीस.

पडदा म्हणून पांढरी चादर बांधली होती. पंखा लागला की चादर हलायची आणि चादरीवरचा समुद्रही हलायचा. चाळीस-पन्नास माणसं. मी उभी राहिले, सलाम केला आणि सुरुवात केली.

पहिले फोटो घरांचे. तिथली सगळी घरं पिवळ्या दगडाची, आणि प्रत्येक घराला रस्त्यावर डोकावणारी लाकडी बंद गॅलरी. एक हिरवी, एक लाल, एक निळी. बायका आत बसून सगळा रस्ता बघतात आणि रस्त्याला त्या दिसत नाहीत. सुषमा म्हणाली, "आपल्याकडं पायजेल असली." मी म्हटलं, तुला काय गरज, तू रस्त्यातच उभी असतेस. लोक हसले. माझ्या जिवात जरा जीव आला.

तेवढ्यात बन्यामीननी विचारलं, "भिंती दगडाच्या म्हनता. कसला दगूड?"

 तिकडचं काही ऐकायचं नाही म्हणणारा माणूस स्वतः होऊन विचारत होता, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. मी म्हटलं, "मऊ दगड. ताजा काढला की करवतीनं कापता येतो. मग हवेवर कडक होतो."

"मऊ दगडाला ओल धरती."

"धरते. हिवाळ्यात कोपऱ्यांत बुरशी येते म्हणे."

"मंग ऱ्हानाऱ्याला खोकला व्हत आसंल."

फेथला लहानपणी दमा होता. थंडीत तिला पाठीशी धरून हा माणूस तासन् तास बसायचा. दगड कसला आणि ओल कसली, त्यांना लेकीची छाती कशी आहे ते विचारायचं होतं, आणि ते मला घरात विचारता येत नव्हतं म्हणून पन्नास माणसांत विचारत होते. मला एकदम भरून आलं. रागही आला.

"खोकला नाही," मी म्हटलं. "वरच्या मजल्यावर खोल्या आहेत, ऊन येतं. तिघंही ठणठणीत आहेत."

बोलून गेले. बन्यामीननी माझ्याकडं बघितलं. "तिघं?"

"घरमालकीण धरून," मी म्हटलं. "कार्मेनबाई. खालीच राहते. जॉन्सन, पुढचा लाव बाबा, झोपलास का?"

तीस वर्षं दवाखान्यात नर्स होते. पेशंटच्या माणसांसमोर चेहरा सरळ ठेवायची सवय आहे, तीच उपयोगी पडली. 

पुढं देवळांचे फोटो आले. म्हणजे चर्चच, पण एवढी मोठी की आपलं चर्च त्यांच्या ओसरीत बसेल. त्यांच्या मनोऱ्यावर दोन घड्याळं असतात. एक बरोबर, दुसरं मुद्दाम चुकीचं. का, तर सैतानाला नक्की वेळ कळू नये. आणि ते लोक कट्टर ख्रिस्ती असून प्रार्थनेत देवाला अल्ला म्हणतात, त्यांच्या भाषेत देवाला तोच शब्द. यावर मागच्या रांगांत बरीच कुजबूज झाली. मग उत्सवाचा फोटो. संताची मूर्ती खांद्यावर घेऊन माणसं गल्लीतून निघालेली, खांद्यावर कातड्यासारखे घट्टे पडलेले, भर दुपारी फटाके. आपण मूर्ती मानत नाही, पण घाम गाळून चाललेल्या माणसांना नावं ठेवायची माझी छाती झाली नाही, असं मी सांगितलं. दोन घड्याळांचं सांगताना मात्र मनात आलं, हेलन, तू तरी काय वेगळं करतेयस.

लोकांना रस वाटायला लागला होता आणि मला तेच नको होतं. रस वाटला की लोक प्रश्न विचारतात. म्हणून मी मेल्याची गोष्ट काढली.

"विमानतळावर उतरले," मी म्हटलं, "तर टॅक्सीवाला फोनवर कुणाशी तरी बोलत होता. म्हणाला, मेला. मग जरा गप्प. मग पुन्हा, मेला, मेला. मला वाटलं, बिचाऱ्याच्या घरचं कुणीतरी गेलं. मी मागून म्हटलं, धीर धरा. तो हसला आणि मलाच म्हणाला, मेला! घरी आले, तर घरमालकीण दारात उभी, मेला! भाजीवाला मेला, पाववाला मेला, चर्चमधला पाळकसुद्धा मेला. चार दिवसांनी कळलं, त्यांच्याकडं मेला म्हणजे बरं. मेला म्हणजे मग. मेला म्हणजे हो. हो तर, चला, ठरलं, सगळं मेलाच."

हॉल हसून लोटपोट झाला. बन्यामीन हसले नाहीत, पण मिशी हलली. मला चांगलं माहीत आहे ती कधी हलते.

या गोष्टीचा दुसरा भाग मी सांगितलाच नाही. एक दिवस सुदर्शनची ड्यूटी दोनला संपली आणि चार वाजले तरी तो आला नाही. फेथ कामावर. मी जस्मिनला कडेवर घेऊन दारात उभी. कार्मेन फोन कानाला लावून जिना चढत आली, माझ्याकडं बघून म्हणाली, "मेला." मला तोवर अर्थ कळला होता, पण त्या क्षणी मराठीच ऐकू आलं. मी बाळासकट पायरीवर बसले. बस बंद पडली होती, एवढंच. सुदर्शन घरी आला तेव्हा मी त्याला धरून रडले. तोवर मी त्याला एकदाही जावई म्हणाले नव्हते. त्या दिवशी म्हणाले. यातलं काय सांगणार होते हॉलमध्ये? प्रत्येक गोष्टीतून एक माणूस नाहीतर एक बाळ कापून काढायचं आणि उरलेलं शिवून लोकांना दाखवायचं.

"बत्तिसावा," जॉन्सन म्हणाला.

हा फोटो मी मुद्दाम ठेवला होता. तिकडं बाळ वर्षाचं झालं की त्याला जमिनीवर बसवतात आणि समोर ताटात वस्तू मांडतात. अंडं, पेन, कात्री, पुस्तक, वाढायचा डाव, असं काय काय. बाळ जे उचलेल त्यावरून ते पुढं काय होणार ते सांगतात. त्याला कुच्चीया म्हणतात. फेथ नको म्हणत होती, पण कार्मेन ऐकेना. माझ्या घरात मूल वर्षाचं झालं आणि ताट मांडलं नाही तर मी शेजाऱ्यांना तोंड कसं दाखवू, म्हणाली. मी दोन फोटो काढले होते. पहिला नुसत्या ताटाचा, दहा वस्तूंचा. तोच निवडला होता. मला निदान ताट तरी दाखवायचं होतं. आजी झाले तर एवढंसुद्धा मिरवू नये का?

दुसऱ्या फोटोत अकरावी वस्तू होती. ती मी घातली होती, अगदी शेवटी, पर्समधून काढून. बन्यामीनचा ओळंबा.

हो, मीच नेला होता. त्यांना न विचारता, साड्यांच्या घडीत गुंडाळून. लहानपणी फेथ परांचीखाली वाळूत बसून त्याच ओळंब्याशी खेळायची. वाटलं, बापाची एक तरी वस्तू तिच्या घरात असावी. इकडं बन्यामीननी ओळंब्यासाठी घर पालथं घातलं आणि शेवटी आळ घेतला चांगदेववर. चांगदेव म्हणजे त्यांचा तीस वर्षांचा कामातला जोडीदार. म्हणाले, माझ्या पिशवीला तुझ्याशिवाय कुणाचा हात लागत न्हाई. चांगदेवनं थापी टाकली आणि काम सोडून गेला. परत आल्यावर मला हे कळलं, तेव्हाही मी खरं सांगितलं नाही.

चादरीवर फोटो आला. दुसरा फोटो. फोनच्या लहान स्क्रीनवर चष्म्याविना दोन्ही सारखेच दिसले असणार. नुसतं ताट मी पुसून टाकलं होतं आणि हा राहिला होता.

चेहरा नव्हता, देवाची कृपा. एका कडेनं आलेला इवलासा हात फक्त. गुबगुबीत, मनगटावर काळ्या मण्यांची मनगटी. आणि मुठीत दोरी. दोरीच्या खाली ओळंबा, ताटातून उचललेला, सरळ लटकणारा.

"कुणाचं बाळ?" सुषमानं विचारलं.

"कार्मेनबाईचा नातू," मी म्हटलं.

"ते लोक पन काळं मनी घालत्यात व्हय?"

"मी नेल्या होत्या मनगट्या. भेट म्हणून."

"तुम्ही?" सुषमाला खरंच नवल वाटलं होतं. "आवो, माझ्या नातीच्या मनगट्या तुम्हीच काढायला लावल्या की. घाण साचती, दृष्ट-बिष्ट काय नसती म्हनून."

ते खरं होतं. तीस वर्षं मी बाळंतिणींना हेच सांगत आले. या मनगट्या वरवंडहून आल्या होत्या, सुदर्शनच्या आईनं, धुरपदाबाईंनी पाठवलेल्या. मी काढणार होते, पण म्हातारीनं हातानं ओवलेले मणी, माझ्यानं काढवेनात. मी जॉन्सनला पुढचा लाव म्हणून खूण केली. 

तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बन्यामीन उठले होते.

"जॉन्सन," ते म्हणाले, "जरा मोठा कर."

जॉन्सननं मोठा केला. हात गेला, ताट गेलं, चादरभर नुसतं पितळ. टोकाच्या जरा वर खिळ्यानं कोरलेला ब. तो त्यांनी स्वतः कोरला होता, लग्नाच्या आधी. बन्यामीन चालत चादरीपर्यंत गेले. फोटोचा उजेड त्यांच्या शर्टावर पडला. मी मनात म्हटलं, आता फुटणार. आता सगळ्या मंडळीसमोर विचारणार, आणि मला एकतर सगळ्यांदेखत लेकीचा शब्द मोडावा लागणार, नाहीतर सगळ्यांदेखत नवऱ्याशी खोटं बोलावं लागणार. आणि पन्नास माणसांना एकदम कळणार, की या माणसाला नात झालीय आणि ते त्याला चादरीवर बघून समजतंय.

त्यांनी बोट उचललं आणि त्या ब वर ठेवलं. चादर हलली.

"लहान कर," ते म्हणाले. हात परत आला. तो हात ते बघत राहिले. मग वळले. "कामाचं पोरगं हाय कार्मेनबाईचं. फुडचा लाव." आणि जाऊन खुर्चीत बसले.

उरलेले नऊ फोटो मी काय सांगून संपवले ते मला आठवत नाही. होड्यांच्या पुढच्या बाजूला डोळे रंगवलेले असतात, असं काहीतरी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहा झाला. सुषमानं मला कोपऱ्यात गाठायचा प्रयत्न केला, मी कप विसळायच्या निमित्तानं निसटले.

घरापर्यंत दहा मिनिटांची वाट. बन्यामीन चार पावलं पुढं. मी मनात सगळी तयारी केली होती. ओरडले तर मी पण ओरडणार. घालवून दिलं तर दौंडला भावाकडं जाणार. घरी आल्यावर ते खाली थांबलेच नाहीत, सरळ जिना चढून वरच्या खोलीत गेले. अडीच वर्षांत त्या खोलीत कुणी पाय ठेवला नव्हता. मी मागून गेले. ते घमेलं पालथं घालून त्यावर बसले होते आणि उघड्या विटांकडं बघत होते.

"कुनाचा हात हाय त्यो?"

"मी शब्द दिलाय," मी म्हटलं. "मी सांगणार नाही."

"तू सांगू नगं. मी इचारतो. तू मान हलव."

मी भिंतीला टेकले.

"तिचं हाय?"

मी मान हलवली.

"पोरगा?"

मी मान आडवी हलवली. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले.

"वर्साची?"

हलवली.

"मनगट्या वरवंडच्या."

मला मान हलवायची नव्हती. पण ते बघत होते, आणि या माणसाला कललेलं लगेच कळतं. मी हलवली.

"म्हंजी त्यास्नी ठावं हाय," ते म्हणाले. आवाज अजून खालीच होता, पण कानशिलावरची शीर उडत होती. "वर्साभरापासनं वरवंडात ठावं हाय. आन् मी हितं शिरूरला खुर्चीत बसून दगडाचं इचारतोय. येडा केला मला. सगळ्यांनी मिळून येडा केला." ते उठले आणि घमेल्याला मागं लाथ मारली. घमेलं भिंतीवर आपटलं.

मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. पण मला रागही आला होता, अडीच वर्षांचा.

"येडा तुम्हाला कुणी केला?" मी म्हटलं. "कानावर घालायचं नाही, कुणी म्हटलं होतं? नाव काढायचं नाही, कुणी म्हटलं? वरवंडच्या लोकांनासुद्धा हे लग्न नको होतं. सुदर्शनचे वडील बाळासोभाऊ महिनाभर पोराशी बोलले नाहीत. पण महिनाभरच. मग फोन उचलला. तुम्ही उचलला का? ती पोरगी बाळंत होताना पप्पा पप्पा करत होती म्हणे, मी तिथं नव्हते आणि तुम्ही होता का? आणि ओळंबा मी नेला. मी. चांगदेव नाही. घ्या, आता काय करायचं ते करा."

ते खिडकीच्या चौकटीला धरून उभे राहिले. त्या खिडकीला अजून गज नाहीत.  खाली रस्त्यावरून भाजीचे दोन टेम्पो गेले.

"ताटात काय काय व्हतं?" त्यांनी विचारलं.

"अंडं, पेन, कात्री, पुस्तक, डाव. फेथचा स्टेथोस्कोप. सगळ्या मिळून अकरा वस्तू."

"आन् तिनं ह्योच धरला?"

"बाकी कशाला हात लावला नाही. कार्मेन अंडं पुढं सरकवत होती, हिनं ते ढकलून दिलं."

"डाव्या हातानं," ते म्हणाले.

आता तुम्हाला सांगते, बन्यामीन डावरे आहेत. लहानपणी त्यांच्या आईनं तो हात बांधून ठेवला, शाळेत मास्तरांनी पट्ट्या मारल्या, तरी थापी डाव्याच हातात राहिली. आमच्या दोघांच्या घराण्यांत दुसरं कुणी डावरं नाही. मी तो फोटो शंभरदा बघितला होता, पण मला हे दिसलं नव्हतं. त्यांना चादरीवर बघताक्षणी दिसलं होतं.

त्यांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं फेथला. पण पलीकडून चांगदेवचा आवाज आला, चिडलेला, काय हाय म्हणून.

"चांगदेव, ओळंबा घावला," बन्यामीन म्हणाले. पलीकडून चोर कोण म्हणून आवाज चढला. "न्हाई. चोरी न्हाई. माझीच चूक झाली. मी येतो सकाळी, तुझ्या दारात येतो, काय बोलायचं ते बोल मला." मग चांगदेवनं विचारलं असणार, कुठं घावला. 

"नातीकडं हाय," ते म्हणाले.

मी पदर तोंडात कोंबला.

फोन ठेवून त्यांनी माझ्यापुढं हात केला. मी माझ्या फोनवरून फेथला लावला आणि त्यांच्या हातात दिला. तिकडं दुपार होती. दोनदा वाजला आणि फेथचा आवाज आला, "हां आई, झाला का कार्यक्रम? काही बोलली नाहीस ना?"

बन्यामीननी उघड्या विटांवर हात ठेवला. 

"वरची खोली आर्धी हाय," ते म्हणाले.

पलीकडं मागं कुठंतरी बाळ काहीतरी आपटत होतं, पितळेचा आवाज.

"गिलावा ऱ्हायलाय," बन्यामीन म्हणाले. "ओळंब्याबिगर भिंत सरळ व्हत न्हाई. त्यो तुझ्याकडं हाय. पोस्टानं धाडू नगं. घिऊन ये. जिच्या हातात हाय तिच्याच हातानं आणून दे मला. आन् त्या बसवाल्याला बी आण. परांची बांधायला मानूस लागतं."

 नुसता फेथचा श्वास ऐकू येत होता, आणि मी मोजत होते, नर्सची सवय, दमा उठलाय का नुसतं रडतेय ते. रडत होती. मग तिनं नाक ओढलं आणि एकच शब्द बोलली.

"मेला."

बन्यामीननी फोन माझ्याकडं दिला.  त्यांनी पालथं पडलेलं घमेलं डाव्या हातानं उचललं, सरळ करून भिंतीशी ठेवलं.

"व्हय म्हनतीया," ते म्हणाले. "फेथचे आई, च्या ठेव."